मदत हवी: "तू घेतली काय वं सुई?" असं आजींनी विचारलं आणि आमची आशाताई गप्प बसली

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. प्रश्न स्वाइन फ्लूच्या लसीचा आहे. आपल्या राज्यात ही लस गरोदर बाया, शुगर-बीपीचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, पण ऐच्छिक आहे.

मागच्या आठवड्यात एका आजींकडे गेलो. सत्तरी उलटलेली, शुगर आहे, दर पावसाळ्यात खोकल्यानं बेजार. ओसरीत तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि आशाताईला विचारलं, "तू घेतली काय वं सुई?" आशाताई खाली बघत राहिली. आजींनी सूप परत उचललं. विषय संपला.

मी स्वतः दरवर्षी घेते, पण मी बाहेरची, आज आहे उद्या बदली. आजींचा विश्वास आशाताईवर आहे, तिनं त्यांच्या सुनेची दोन बाळंतपणं निभावली आहेत. आशाताई म्हणते, "मॅडम, मी रोज तापाच्या घरात जातो, मले काई झालं नाई." सिस्टर म्हणतात, मागच्या वर्षी घेतली, आता पुन्हा कशाला? विषाणू बदलत राहतो, म्हणून लसीत कोणते प्रकार घ्यायचे याची शिफारस डब्ल्यूएचओ दरवर्षी फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये नव्यानं करते, हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली, दंड पुढे केला नाही.

म्हाताऱ्यांची कारणं वेगळीच. ताप आला तर निंदणाची दोन रोजाची मजुरी जाते. पीएचसीपर्यंत (प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत) ऑटोचं भाडं. कोविशिल्डच्या वेळी दहा डोसची कुपी फोडली की चार तासांत संपवावी लागायची, म्हणून माणसं जमेपर्यंत थांबवलेले किंवा परत पाठवलेले लोक ते अजून विसरले नाहीत. आणि सगळ्यात जड पडतो तो पुण्यातल्या मुलाचा फोन: "आई, काही घेऊ नको."

लस लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात, पावसाळा तोंडावर आहे. माझ्याच माणसांवर दबाव न आणता त्यांच्याशी कसं बोलू? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी आरोग्य सेविका म्हणून रिटायर झाले. आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या हेपेटायटिस बीच्या (काविळीच्या) लसीचं असंच व्हायचं. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस, पण बऱ्याच जणी पहिला घेऊन सोडून द्यायच्या, आणि काम करताना वापरलेली सुई आपल्यालाच टोचायची भीती तर रोजचीच. रजिस्टर बाजूला ठेवा आणि "का घेतली नाही" असं विचारू नका, "मागच्या वेळी काय झालं होतं" असं विचारा. या लसीनं फ्लू होत नाही, पण हात दुखेल, एक-दोन दिवस अंग मोडेल, कणकण वाटेल, हे आधीच सांगा. लपवलं तर पुढच्या वर्षी दार उघडत नाहीत. आजींच्या मुलाला त्यांच्याच ओसरीतून, त्यांच्यासमोर फोन लावा.

धागाकर्ती:
काल विचारलं. कोविडच्या दुसऱ्या डोसनंतर आशाताईला तीन दिवस ताप होता आणि त्याच तापात तिनं घरोघरी सर्व्हे केला. कामाप्रमाणे मोबदला मिळतो, त्यामुळे घरी बसली तर पैसे बुडतात, आणि वरून फक्त "आज किती झाले?" एवढंच विचारत होते. मी आजपर्यंत याला तिचा गैरसमज समजत होते.

शनिवारी दुपारी लस ठेवते आहे, रविवारी कोणाला काम सांगणार नाही. सोमवारचा तिचा सर्व्हे मी करीन. आशाताई म्हणाली, "मंग आजीच्या ओसरीतच घेतो." मुलाचा नंबर मिळवला आहे, आज संध्याकाळी फोन लावते.