घरी केलेल्या सुंठीला बुरशी आली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. मे महिन्याच्या शेवटी माडांच्या मधल्या सावलीत आल्याचे दोन वाफे लावले होते. पीक बरं आलं, म्हणून उत्साहाच्या भरात दिवाळीआधीच उपटलं. चहाला, आलेपाकाला, शेजारणींना देऊन झालं, आणि उरलेलं साधारण चार किलो सुंठीसाठी ठेवलं. सासूबाई सुंठ घातल्याशिवाय गुळवणी करत नाहीत, आणि रामनवमीला सुंठवडाही लागतो.

साल काढून अंगणात वाळत घातलं. दिवसा ऊन, रात्री खारी दमट हवा. आठव्या दिवशी वरून सुरकुतलेलं, मोडलं तर आत ओलं आणि बाजूला हिरवट बुरशी! ‘सुंठीवाचून खोकला गेला’ म्हणतात, इथे सुंठच गेली.

नणंद म्हणते, घाई केलीस. आठ-नऊ महिन्यांनी पाला पिवळा पडून वाळल्यावर काढायचं, कोवळ्या आल्यात पाणी जास्त. पटतं. आलं हा शब्दच मुळात संस्कृत ‘आर्द्रक’, म्हणजे ओलं! बुरशीचं सगळं फेकलं. बरा भाग कापून वापरायचा मोह झाला होता, पण सुंठ उगाळून लहान मुलांना देतो, म्हणून नकोच.

अर्धा वाफा अजून जमिनीत आहे. तो पौषात काढला तर चालेल ना? किनाऱ्यावर राहणारे अख्खं वाळवता की काप करून? रात्री घरात घेता का? आणि चुन्याच्या निवळीत बुडवायची पद्धत कोणी केली असेल तर प्रमाण सांगा.