अंगुलिमुद्रा तज्ज्ञाचे काम : यंत्र आल्यावर माणसाची गरज उरली आहे का?

प्रश्न : रसायन_कराड

नमस्कार. मी यंदा रसायनशास्त्रात बी.एस्सी. पूर्ण केले असून पोलिसांच्या अंगुलिमुद्रा विभागात काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. पुण्यातील राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या अंगुलिमुद्रा केंद्राविषयी वाचल्यापासून हा विचार डोक्यातून जात नाही. वडिलांचे म्हणणे मात्र असे, की राज्यात ‘अँबिस’ आणि देशपातळीवर २०२२ पासून ‘नॅफिस’ ही ठशांची संगणक प्रणाली आल्यावर ठसे यंत्रच जुळवते, मग त्यात माणसाला भवितव्य काय? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सांगावे, की यात सर्वांत अवघड काय असते.

उत्तर : निवृत्त_अंगुलिमुद्रा

वडिलांची शंका रास्त आहे, परंतु यंत्र निर्णय देत नाही, ते शोधून देते. घटनास्थळावरील ठसा घातला, की लाखो नोंदींतून त्याच्याशी साम्य असलेल्या ठशांची यादी ते क्रमाने समोर ठेवते. त्यांतला एखादा खरोखर त्याच बोटाचा आहे की एकही नाही, हे भिंग घेऊन बसलेल्या माणसालाच ठरवावे लागते आणि सही त्याचीच असते.

लहानपणी आपण सर्वांनी बोटांवरचे शंख आणि चक्रे मोजलेली असतात. तेवढ्यावरून ठशांची फक्त वर्गवारी होते, ओळख पटत नाही. ओळख पटते ती रेषा कुठे संपली, कुठे तिला फाटा फुटला, आणि अशा दोन खुणांच्या मध्ये किती रेषा आहेत, यावरून.

घरफोडीच्या ठिकाणी लोखंडी कपाटासमोर बॅटरी तिरपी धरली, की घामाच्या रेषा क्षणभर चमकतात. पावडर लावल्यावर ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे आणि मगच तो चिकटपट्टीवर उचलायचा. ब्रशचे टोक इतके हलके फिरले पाहिजे, की रेषांमधल्या खाचा पावडरने भरता कामा नयेत. एकदा भरल्या, की तो ठसा गेला. कागद असेल तर निनहायड्रिन वापरतात. घामातील अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन ठसा जांभळा उमटतो. प्लास्टिकच्या पिशवीला सुपरग्लूची वाफ देतात. आपले रसायनशास्त्र इथे कामी येईल. घरच्या प्रत्येकाचे ठसेही घ्यावे लागतात, कारण कपाटावरचे बहुतेक ठसे घरच्यांचेच निघतात.

आता अवघड काय, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. उमेदवारीच्या काळात एका प्रकरणात संशयिताच्या बोटांच्या ठशांची, शाईने घेतलेली स्वच्छ पत्रिका टेबलावर होती आणि मी ती आधी पाहिली. नंतर घटनास्थळावरच्या अर्धवट, पुसट ठशात मला त्याच खुणा दिसू लागल्या आणि मी उत्साहाने नऊ खुणा काढल्या. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता पत्रिकेवर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, “आता एकट्या या ठशात दाखवा.” मला चारच दाखवता आल्या. मी ज्याला फाटा समजलो होतो, तो ब्रशचा फराटा होता. त्या ठशापुढे ‘तुलनेस अपुरा’ असा शेरा पडला आणि तोच बरोबर होता. तपास अधिकारी दाराशी ताटकळत उभा असताना ‘अपुरा’ हा शब्द लिहिणे, हेच या कामातले सर्वांत अवघड काम आहे.

उत्तर : फौजदारी_वकील

वरील अनुभवाला पुष्टी देणारे एक प्रकरण सांगतो. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. तपासात सापडलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवरील ठसा अमेरिकेच्या एफबीआयने संगणकात घातला, तेव्हा वीस नावांची यादी आली आणि त्यांतील चौथे नाव ऑरेगॉनमधील वकील ब्रँडन मेफील्ड यांचे होते. एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठसा त्यांचाच असल्याचे ठरवले, न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञानेही दुजोरा दिला आणि एका निरपराध माणसाला दोन आठवडे कोठडीत काढावे लागले. अखेर स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याचा असल्याचे दाखवून दिले. पुढील चौकशीत हेच आढळले, की मेफील्ड यांच्या ठशातील खुणा पाहून त्या पुसट ठशात शोधल्या गेल्या होत्या.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ नुसार आपले मत न्यायालयापुढे येईल, पण ते मत म्हणूनच येईल. उलटतपासणीत मी सहसा पहिल्यांदा हेच विचारतो, की आपण आधी कोणता ठसा पाहिलात. दुसरा प्रश्न असा, की हा ठसा केव्हाचा आहे. याचे प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ असे असते आणि ज्या तज्ज्ञाने ते न अडखळता दिले, त्याच्या उरलेल्या साक्षीला मला धक्का लावता आलेला नाही.

प्रश्नकर्ता : रसायन_कराड

आपणा दोघांचे मनापासून आभार. ही नजर तयार करण्यासाठी आतापासून घरी काही सराव करता येईल का?

उत्तर : निवृत्त_अंगुलिमुद्रा

अवश्य. शाईचा पॅड, कोरे कागद आणि एक चांगले भिंग आणा. घरच्यांच्या दहाही बोटांचे ठसे त्यांच्या संमतीने घ्या. मग कुणाला तरी स्टीलच्या पेल्यावर बोट ठेवायला सांगा, कोणी ठेवले ते विचारू नका आणि पेल्यावरच्या ठशातील खुणा आधी वहीत काढून त्याखाली तारीख घाला. घरच्यांचे कागद त्यानंतरच उघडा.