मदत हवी आहे: मेमध्ये मुलाला घेऊन गाडीने अजिंठा, वेरूळ, लोणार. क्रम कसा लावू?

रानजाई
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येते. मे महिन्यात मुलाला घेऊन गाडीने अजिंठा, वेरूळ आणि लोणार करायचं आहे. हातात चार दिवस आहेत. कसाही क्रम लावला तरी एखादं ठिकाण सुटतंय, नाहीतर शेवटच्या दिवशी अंगावर येईल एवढं ड्रायव्हिंग येतंय. नकाशा बघून बघून डोकं बधिर झालंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी नेमका क्रम सांगा. राहण्याचं बुकिंग उद्यापर्यंत करायचं आहे. आणि कृपा करून 'मेमध्ये जाऊ नका' असं सांगू नका, सुट्टी तेव्हाच आहे.

प्रश्नचिन्ह
निघणार कुठून? मुलगा केवढा आहे? गाडी कोण चालवणार? ही माहिती नसेल तर क्रम कोण आणि कसा सांगणार?

सह्यवेडा
तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो, कारण मनापासून वाटतं. अजिंठा बघावा तो पावसाळ्यात. वाघूर नदी वाहत असते, लेण्यांच्या टोकाला सातकुंडाचा धबधबा कोसळत असतो, सगळी दरी हिरवीगार. मेमध्ये तिथे कोरडा दगड आणि झळा. मुलाच्या मनात अजिंठ्याचं पहिलं चित्र तेच राहील.

रानजाई
पुण्याहून. मुलगा नऊ वर्षांचा. गाडी मीच चालवणार, आम्ही दोघंच आहोत. सह्यवेडा, तुमचा मुद्दा पटतो, पण ऑगस्टमध्ये त्याची शाळा आणि माझं ऑफिस दोन्ही चालू असतं. क्रम सांगा प्लीज.

नाना_कोथरूड
ताई, एकटीने एवढं ड्रायव्हिंग, तेही उन्हात आणि लहान मुलाला घेऊन, मला धोक्याचं वाटतं. चार दिवसांसाठी ओळखीचा ड्रायव्हर घ्या. तुम्हालाही मुलाशी बोलत जाता येईल. वडीलकीच्या नात्याने सांगतोय, राग मानू नका.

उंबरठ्याबाहेर
नाना, त्यांनी क्रम विचारलाय, परवानगी नाही. मीही मुलीला घेऊन एकटीच गाडीने फिरते. दर दोन तासांनी थांबायचं, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं आणि दुपारी बारा ते चार गाडी शक्यतो सावलीत उभी ठेवायची. एवढं पाळलं की काही अडत नाही.

नाना_कोथरूड
मी बाई म्हणून नाही म्हणालो. एकटा पुरुष असता तरी हेच सांगितलं असतं. समृद्धीवर सरळ रस्त्याची गुंगी येते आणि शेजारी जागं ठेवायला मोठं माणूस नसतं, एवढंच माझं म्हणणं.

डांबरी_रस्ता
समृद्धीचं नाव निघालंच आहे तर टायरचं बघा. मेमधल्या गरम काँक्रीटवर ताशी १२० ने सलग गाडी पळवली की जुना टायर दगा देतो. निघण्याआधी टायरच्या कडेला बघा, डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर आतून कडक झालेलं असू शकतं. पाच वर्षांपुढचा असेल तर दुकानात दाखवूनच निघा. आणि नायट्रोजन भरून घ्या.

खडखडाट
नायट्रोजनची गरज नाही, साध्या हवेतही बहुतांश नायट्रोजनच असतो. उन्हाळ्यात हवा दोन पॉइंट कमी ठेवायची, गरम झाल्यावर वाढते ती जमेस धरून. आम्ही कायम तसंच करतो.

डांबरी_रस्ता
हे मात्र करू नका, कळकळीने सांगतो. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो आणि फुटण्याची शक्यता उलट वाढते. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडाच पाळायचा. मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. नायट्रोजनचा आग्रह सोडतो, हवेच्या आकड्याचा नाही.

रानजाई
टायर बदलून फार दिवस झाले नाहीत. दाराच्या चौकटीवरचं माहीत नव्हतं, बघते. पण क्रम? अजून कोणीच सांगितलेला नाही.

शिलालेख
क्रम सोपा आहे. पुणे, अहिल्यानगर, संभाजीनगर. पहिल्या संध्याकाळी देवगिरी किल्ला, दुसऱ्या दिवशी वेरूळ, तिसऱ्या दिवशी अजिंठा, चौथ्या दिवशी लोणार बघून परत. देवगिरी अजिबात सोडू नका. यादवांची राजधानी, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने वेढा दिला तो हाच किल्ला, १३२७ च्या सुमारास तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवली तीही इथेच. अंधारी नावाचा भुयारी मार्ग आहे, आत मिट्ट काळोख आणि वटवाघळं. नऊ वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त काय आवडणार?

प्रश्नचिन्ह
चौथ्या दिवशी लोणार बघून पुणे म्हणजे चारशे किलोमीटरच्या आसपास. त्या त्यातूनच सुटायचं म्हणतायत ना? आणि रानजाई, वार अजून सांगितलेले नाहीत. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. सगळं गणित त्यावर आहे.

रानजाई
रविवार ते बुधवार. गुरुवारी सकाळी मला ऑफिसला हजर राहावंच लागेल. आणि हो, मुलाला घाटात गाडी लागते.
देवगिरी नको. मेच्या उन्हात तेवढी चढण त्याला आणि मला झेपणार नाही. पुढे हिवाळ्यात फक्त त्यासाठी येऊ.

आजोळ
अगं, गाडी लागते हे आधी सांगायचं ना! निघताना पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. गाडीत मोबाईल, पुस्तक काही नको, समोर लांबवर बघायला लाव. काचा थोड्या उघड्या. आलेपाक जवळ ठेव. औषध द्यायचं झालं तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, काही गोळ्यांनी मुलं दिवसभर पेंगतात आणि मग बघायचं ते राहून जातं. पुढच्या सीटवर मात्र बसवू नकोस, या वयाला मागेच आणि पट्टा लावून. पाच मिनिटांसाठी उतरलीस तरी त्याला बंद गाडीत ठेवू नकोस.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, मी मेहकरकडचा आहे. सगळे तुम्हाले जवळून लांब जायले सांगून राहिले, तुम्ही उलट करा. सगळ्यात लांबचं आधी.

रविवारी पहाटे पाचला पुणे सोडा आणि थेट लोणार. संभाजीनगरपाशी समृद्धीवर चढा, मेहकरले उतरा. ड्रायव्हिंग सगळ्यात जास्त या दिवशी आहे, पण तुम्ही ताज्यातवान्या असता. गुंगीची भीती वाटली तर सिंदखेडराजाले उतरून पाय मोकळे करा, जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा गावातच आहे. दुपारी उशिरा लोणारले पोचाल. ऊन उतरलं की विवराच्या काठावरून खाली बघायचं, बस.

सोमवारी उजाडताच विवरात उतरा, नऊच्या आत वर या. मग चिखली, बुलढाणा करत अजिंठ्याजवळचं फर्दापूर. सोमवारी अजिंठा बंद असला तरी तुमचं काही बिघडत नाही, तुम्ही फक्त मुक्कामाले चालल्या. मंगळवारी सकाळी अजिंठा. वेरूळ त्या दिवशी बंद, तरी तुम्हाले काय करायचं? संध्याकाळी गाडी काढून वेरूळले मुक्काम. बुधवारी सूर्य उगवताना वेरूळ, दहाच्या आत बाहेर, अंधाराआधी पुण्यात. शेवटचा दिवस पहिल्यापेक्षा बराच हलका.

प्रश्नचिन्ह
हे बरोबर आहे. दोन्ही बंद वार आपोआप प्रवासात आणि दुसऱ्या ठिकाणी जातात. मला हे सुचलं नव्हतं.

शिलालेख
क्रम मान्य. वेरूळ सकाळी हे तर फारच उत्तम, तिथली लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी डोंगराचीच सावली पडलेली असते. मावळतीचं ऊन आत जातं ते फोटोला छान, मेमध्ये मुलाला नाही. चौतीसच्या चौतीस लेणी बघू नका. १० नंबर, मग १६ नंबरचं कैलास, आणि त्राण उरलं तर ३२ नंबरचं जैन लेणं. कैलासाच्या अंगणात उभं राहून बाजूच्या कातळभिंतीवर छिन्नीचे घाव दाखवा. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या काळात, हे देऊळ शिखराकडून खाली कोरत आणलं. वरून चुकलेला घाव खाली जोडता येत नव्हता. हे मुलांना लगेच कळतं आणि मग ती भिंतीपासून हलत नाहीत.

रानजाई
वऱ्हाडी_ठेचा दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. खूप आभार. आणि एक गोष्ट सांगायची राहिली होती: मुलाला खरं म्हणजे फक्त लोणारच बघायचंय. वर्षभर उल्का, उल्का चालू आहे. अजिंठा-वेरूळ माझा हट्ट. त्यामुळे लोणार पहिलं आलं तर तो पुढचे दोन दिवस माझ्यासाठी आनंदाने फिरेल.
तो विचारतोय की विवर किती जुनं. मला ५२ हजार वर्षं एवढंच माहीत होतं.

बेसाल्ट
५२ हजार हा आकडा जुन्या मोजणीतला. नंतर आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. ज्या खडकावर उल्का आदळली तो दख्खनचा बेसाल्ट मात्र साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. बेसाल्टमध्ये आघाताने झालेली अशी विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत, चंद्राच्या पृष्ठभागाशी तुलना करायला शास्त्रज्ञ इथे येतात ते त्यामुळेच.

शिलालेख
गावातल्या फलकांवर, पुस्तकांत सगळीकडे ५२ हजारच आहे. एका मोजणीवरून इतका मोठा फरक स्वीकारायचा?

बेसाल्ट
५२ हजारही एकाच पद्धतीतून आलेला आकडा होता. मुलाला दोन्ही सांगा, आणि दोन वेगळी उत्तरं का येतात हेही सांगा. वैज्ञानिक व्हायचं असेल तर त्याला हेच उपयोगी पडेल.

वऱ्हाडी_ठेचा
वयाचं तुम्ही ठरवा. त्या पोराले मी एक गंमत सांगतो. घरून पांढऱ्या कागदावर ओली हळद लावून, वाळवून न्या. तळ्याच्या पाण्याचा थेंब त्यावर पडला की कागद लाल होते. पाणी खारट तर आहेच, पण क्षारही इतके की हळद रंग बदलते. २०२० च्या जूनमध्ये हेच तळं गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. फक्त अभयारण्य आहे, वनखात्याचे लोक जिथवर जाऊ देतील तिथवरच जा आणि कागद परत घेऊन या. त्याच वर्षी या तळ्याले रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला.

आजोळ
हळदीचा कागद हाताळून झाला की हात धुवायला लाव गं, नाहीतर डोळे चोळेल.

पाटी_पेन्सिल
अजिंठ्याबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. तुमची गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावायची आणि तिथून पुढचे चारेक किलोमीटर बसने. लेणी उघडतात नऊला, म्हणजे मेमध्ये ऊन चढायला लागलेलंच असतं, त्यामुळे पहिली बस धरा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. १, २, १०, १७ आणि २६ एवढीच बघा. उन्हातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटं काळोखाशिवाय काही दिसत नाही, मुलं लगेच 'चला' म्हणतात. तेव्हा त्याचा हात धरून नुसतं उभं राहायचं. डोळे सरावले की १ नंबरमध्ये भिंतीवर रंगवलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा झुकलेला चेहरा हळूहळू भिंतीतून पुढे येतो.
१० नंबरमध्ये त्याला एक शोधायला सांगा. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्याने एका खांबावर चित्रावरच नाव आणि तारीख कोरली. ती आज मोठ्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेण्यात गाळाचा ढीग होता आणि तो त्यावर उभा होता. आणि चित्रावर नाव कोरणं किती वाईट हे तिथेच समोर बघून कळतं, वेगळं शिकवावं लागत नाही.

सह्यवेडा
सोमवारी संध्याकाळी वेळ उरला तर दरीच्या पलीकडच्या व्ह्यू पॉइंटवर जा. घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा आणि त्यातली सगळी लेणी एका नजरेत दिसतात. आणि सातकुंड कोरडं असलं तरी त्याला सांगा की पाणी कुठून पडतं, म्हणजे तो पुन्हा पावसाळ्यात यायचा हट्ट धरेल.

खडखडाट
चार दिवस आहेतच तर ताडोबा का करत नाही? मेमध्ये पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो. मुलांना लेण्यांपेक्षा ते आवडतं.

उंबरठ्याबाहेर
हमखास असं काही नसतं आणि ताडोबा पार चंद्रपूरला आहे. त्यांचं ठरलंय, आता फाटे फोडू नका.

रानजाई
ठरलं. रविवार लोणार, सोमवार फर्दापूर, मंगळवार वेरूळ, तिन्ही मुक्काम आत्ताच फोनवर पक्के केले. तिन्ही ठिकाणी वीज गेली तर जनरेटर आहे का तेही विचारून घेतलं. नाना, लोणारपर्यंत दर दोन तासांनी थांबणार आहे आणि थांबले की घरी फोन करणार आहे, काळजी नको. मुलगा हळदीचा कागद करायला आत्ताच बसलाय, ओट्यावर सगळीकडे पिवळं झालंय. पाटी_पेन्सिल, १० नंबरचं त्याला आधी सांगत नाही, तिथेच शोधू दे.
एकच राहिलं: लोणारला खाली उतरायला सँडल चालतील की बूट?

वऱ्हाडी_ठेचा
बूट. वाट दगडांची, काट्यांची आहे. माणशी दोन लिटर पाणी जवळच ठेवा. उतरताना थंड वाटते, वर येताना घाम काढते.

गुलमोहर७
अजिंठ्याचा विषय आहे म्हणून विचारते. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, तिथे डोली मिळते का?

पाटी_पेन्सिल
मिळते, पायथ्याशीच डोलीवाले असतात. दर आधी बोलून घ्या. बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचारा, तिथे सविस्तर लिहिते.