गाय आटवल्याशिवाय दूध कसं वाढणार?
"व्यायला आठवडा उरला तरी धार काढत होतो, आता या वेताला दूध निम्म्यावर आलं," असं एका गोपालकानं आपल्या गाईबद्दल लिहिलंय. उत्तर त्यातच आहे! गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा. त्यातले शेवटचे 60 दिवस गाय आटवायलाच हवी, म्हणजे धार काढणं बंद. कासेतल्या दूधग्रंथी तेव्हाच नव्यानं भरून येतात. (हा लोभ मीही एकदा केलाय.)

व्याल्यावर गाय बसूनच राहिली, कान गार लागले, मान पोटाकडे वळवली, तर कॅल्शियम घसरलंय समजा. डॉक्टर लगेच बोलवा. अशा गाईला तोंडानं काही पाजू नका, औषध फुप्फुसात जातं.

खरवसाचा मोह आवरा, पहिला चीक तासाभरात वासराला. दूध शिगेला पोचायला सहसा 6 ते 8 आठवडे लागतात, तोवर आंबोण (पेंड-भुश्शाचा खुराक) तोडू नका.