गॅलरीचा स्लायडिंग दरवाजा बदलताना जुनी चौकट ठेवावी की काढावी?

वर्सोव्यात सातव्या मजल्यावर आमची सदनिका आहे. दिवाणखान्यातून गॅलरीत उघडणारा आठ फूट रुंद ॲल्युमिनियमचा स्लायडिंग दरवाजा आता बदलावाच लागणार आहे. गॅलरी पश्चिमेला असल्याने नैर्ऋत्येचा पाऊस थेट त्याच्यावर आदळतो आणि खालच्या ट्रॅकच्या दोन्ही कोपऱ्यांतून पाणी झिरपून हॉलच्या लाद्यांखाली जाते. खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरली आहे. लोखंडी स्क्रूंच्या भोवती तर ते पार खाल्ले गेले आहे.

नवा दरवाजा यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) घ्यायचे ठरले असून प्रश्न फक्त तो बसवण्याच्या पद्धतीचा आहे. एका कारागिराच्या मते जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी बसवावी, म्हणजे तोडफोड नाही, डेब्रिज नाही आणि सोसायटीची कटकटही नाही. दुसरा जुनी चौकट मुळापासून उखडून, खाली नव्याने वॉटरप्रूफिंग करूनच काम घ्यायला तयार आहे. खर्चाचा फरक मोठा असला तरी माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण पाणी जुन्या चौकटीच्या खालूनच येत असेल, तर तिच्यावर दुसरी चौकट चढवून गळती केवळ झाकली जाईल. शिवाय उंबरठाही वाढेल, आणि सासूबाई वॉकर घेऊन चालतात.

मात्र उंबरठा कमी करावा म्हटले, तर ट्रॅकमधील पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकांना पुरेसा उतार राहत नाही. आधीच्या मालकांनी गॅलरीत लादीवर लादी बसवल्यामुळे तिथली जमीन हॉलच्या जवळजवळ बरोबरीला आली आहे. अशा वेळी गॅलरीची वरची लादी काढणे अपरिहार्य आहे का?

दुसरी शंका स्क्रूंची. खालच्या ट्रॅकमधून भोके पाडल्यास नवे वॉटरप्रूफिंग तिथेच फुटेल. मग खाली नीट आधार देऊन चौकट फक्त बाजूंनी व वरून आवळणे एवढ्या रुंदीला पुरते का?

तिसरी शंका फटीची आहे. यूपीव्हीसी तापमानातील दर दहा अंशांच्या वाढीला मीटरमागे साधारण पाऊण मिलिमीटर प्रसरण पावते, म्हणजे वीस अंशांच्या फरकात आमची चौकट साडेतीन-चार मिलिमीटर वाढेल. असे असताना दुसरा कारागीर भोवतालची फट सिमेंटने गच्च भरणार म्हणतो, ते मला पटत नाही. आत पीयू फोम (फुगून फट भरणारा पॉलियुरेथेनचा फेस) आणि बाहेरून न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारे, सिलिकॉन योग्य ठरेल, असे वाटते. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही, एवढे ठाऊक आहे.

तोडफोडीला आमच्या सोसायटीची परवानगी मेअखेरपर्यंतच असते. समुद्रालगतच्या इमारतीत यांपैकी कोणत्याही पद्धतीने दरवाजा बसवून ज्यांचे दोन-तीन पावसाळे उलटले आहेत, त्यांनी उंबरठ्याची उंची किती ठेवली आणि कोपरे कोरडे राहिले का, हे कृपया कळवावे.