योकिच, हकीम, शॅक, विल्ट: बास्केटबॉलमधला सर्वोत्तम सेंटर कोण? आजचे की मागचे?

पोस्टवेडा:
"आता खरे सेंटर उरलेच नाहीत" हे वाक्य ऐकून कंटाळा आलाय (सेंटर म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू). माझ्या मते आक्रमणात निकोला योकिचइतका परिपूर्ण सेंटर एनबीएने (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने) आजवर पाहिलेलाच नाही. २०१४च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) ४१व्या क्रमांकावर निवडलेला हा माणूस. ना वेग, ना उडी. तरी २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), २०२३ मध्ये त्याच्या डेन्व्हर संघाला पहिलं विजेतेपद, आणि २०२४-२५ मध्ये अख्ख्या मोसमाची सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), १०.२ असिस्ट (ज्यावर गुण होतो तो पास)! मोसमभर ट्रिपल-डबलची (तिन्ही आकडे दहा किंवा जास्त) सरासरी राखणारा हा पहिलाच सेंटर. जुन्यांपैकी एकाचं तरी नाव सांगा ज्याच्याभोवती संघाचा सगळा खेळ असा फिरायचा.

जुनी_लीग:
साफ असहमत. "आक्रमणात" हा शब्द घालून तुम्ही अर्धं कोर्टच वगळलंत. हकीम ओलाजुवॉनने १९९३-९४च्या एकाच मोसमात एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि फायनल्स एमव्हीपी असे तिन्ही किताब मिळवले. हे दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. ३,८३० ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट), तो विक्रमही अजून त्याचाच.

१९९५ची वेस्टची (पश्चिम विभागाची) फायनल पुन्हा बघा. समोर त्याच वर्षीचा एमव्हीपी डेव्हिड रॉबिन्सन. हकीम बेसलाइनजवळ चेंडू घेतो, खांदा एका बाजूला टाकतो, रॉबिन्सनचा तोल तिकडे जातो. हकीम उलटा फिरतो, शॉटचा आव आणतो, रॉबिन्सन हवेत! आणि मग हकीम त्याच्या हाताखालून आत. ते पाय आज कुणाकडे आहेत?

तीन_सेकंद:
दोघेही नियम विसरताय. २००१-०२ पासून झोन बचावाला (ठराविक माणसाऐवजी जागा राखण्याला) परवानगी मिळाली, म्हणजे पोस्टवर (बास्केटजवळच्या जागेत) चेंडू यायच्या आधीच दुसरा माणूस मदतीला उभा राहू शकतो. त्याच वेळी बचावातला तीन सेकंदांचा नियम आला, त्यामुळे जुन्या काळच्या बिल रसेलसारखं बास्केटखाली ठाण मांडणंही बंद. शिवाय आजच्या सेंटरला २३ फूट ९ इंचांवरच्या थ्रीपर्यंत (तीन गुणांच्या शॉटच्या रेषेपर्यंत) बाहेर यावं लागतं. शॅकला (शकील ओ'नीलला) प्रत्येक वेळी पिक अँड रोलमध्ये (एकाने बचावपटूची वाट अडवून चेंडूवाल्याला मोकळं करण्याच्या डावात) ओढलं असतं तर काय झालं असतं?

जुनी_लीग:
आणि दुसऱ्या टोकाला शॅकला अडवलं कुणी असतं? २०००च्या फायनल्समध्ये त्याने सरासरी ३८ गुण आणि १६.७ रिबाउंड काढले. आज तर संघ सेंटरच्या जागीही हलके, लांबून मारणारे खेळाडू उतरवतात. पहिल्या क्वार्टरमध्येच त्यांचे फाउल भरतील. त्याचे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) कच्चे होते हे मान्य, पण तेवढ्यावर कुठला संघ वाचला?

आकडेमोड:
विल्ट चेंबरलेनचे १९६१-६२चे सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मी फार धरत नाही. तेव्हा लीगमध्ये नऊच संघ होते आणि खेळाची गती इतकी, की प्रत्येक संघाला शॉट भरपूर मिळायचे. त्याच आकड्यांवर त्याला आजच्यांपेक्षा मोठा म्हणणं चूक आहे.

जुनी_लीग:
मग रसेल आणि विल्टचे ब्लॉकही मोजा की! ते मोजता येणार नाहीत, कारण एनबीएने ब्लॉकची नोंद १९७३-७४ पासून ठेवली. तोवर दोघेही निवृत्त. आकडे फुगले म्हणता, पण त्यांचं सगळ्यात मोठं काम आकड्यांत आलेलंच नाही. रसेलची १३ मोसमांत ११ विजेतेपदं कुठल्या गतीने आली? आणि @पोस्टवेडा, खेळ फिरण्याचं म्हणत असाल तर १९६७-६८ मध्ये लीगमधले सर्वाधिक असिस्ट विल्टचे होते. सेंटरने पास देणं योकिचपासून सुरू झालं नाही.

पोस्टवेडा:
विल्टचा तो मोसम मोठाच. पण तो चेंडू घेऊन पोस्टवर थांबायचा आणि बाकीचे त्याच्या बाजूने बास्केटकडे धावत जायचे. योकिच रिबाउंड घेतो, स्वतः ड्रिबल करत पुढे येतो, चालता चालता कोपऱ्यात पास सोडतो आणि मोकळा सापडला तर थ्रीही टाकतो. बचावाचं म्हणाल तर तो हकीम नाही, हे उघड आहे. बचावाचा दाखला हवा तर आजचा सेंटर व्हिक्टर वेम्बान्यामा घ्या. पहिल्याच मोसमात लीगमध्ये सर्वाधिक ब्लॉक, तेही थ्रीच्या रेषेपर्यंत धावून.

आकाशहुक:
इतकी चर्चा झाली आणि करीम अब्दुल-जब्बारचं नाव नाही? सहा एमव्हीपी, ३८,३८७ गुण. स्कायहुक (एका हाताने डोक्यावरून टाकलेला शॉट) मारताना त्याचं शरीर बचावपटू आणि चेंडूच्या मध्ये असायचं, त्यामुळे झोन असो वा मॅन-टू-मॅन, चेंडूपर्यंत हात पोचायचाच नाही. हा एक शॉट कुठल्याही दशकात चालेल.

तीन_सेकंद:
शॉट चालेल, पण तिथे चेंडू पोचवायचा कसा? आज पोस्टसमोर माणूस उभा करून पासच तोडतात.

आकाशहुक:
सात फूट दोन इंचांच्या माणसाच्या डोक्यावरून पास तोडणार कोण? आजच्या उंच बचावपटू रुडी गोबेरला करीमच्या पुढे उभा केलात तर मागे बास्केट मोकळं. करीमचा सहकारी मॅजिक जॉन्सनसारखा पास देणारा असेल तर ते दोन गुण लिहूनच घ्या.