डेबियनवर रिक्षा रंगीत पण बदाम काळा

जुनाबाजार: जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकलंय, वर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप. बायकोने कोकणातल्या फोटोंच्या फोल्डरला नाव देताना लाल बदामाचा इमोजी टाकला तर फाइल मॅनेजरमधे तो काळा ठिक्कर दिसतोय, हसरा चेहरा म्हणजे नुसत्या रेघोट्या, आणि रिक्षाच्या जागी चौकोन. फायरफॉक्समधे मात्र सगळं झकास रंगीत. सेटिंगमधे कुठे बटण आहे का? मला तरी सापडलं नाही, अर्धा रविवार त्यातच गेला.

टर्मिनलबाबा: बटण नाहीये, फॉन्ट लागतो. फायरफॉक्स स्वतःचा ट्वेमोजी फॉन्ट बरोबर घेऊन येतो म्हणून तिथे दिसतं, बाकीचे प्रोग्राम सिस्टिममधला शोधतात. सिनॅप्टिक (प्रोग्राम इन्स्टॉल करायचं अ‍ॅप) उघडा, 'नोटो कलर इमोजी' शोधा, इन्स्टॉल करा आणि लॉगआउट-लॉगिन करा.

जुनाबाजार: केलं. रिक्षा आली, साडीपण आली, पण बदाम अजून काळाच 😐 बायको म्हणते मुद्दाम केलंस.

भाकरतुकडा: 😄 तो घोळ सिस्टिममधल्या डेजाव्हू फॉन्टचा. हा फॉन्ट 2016 नंतर अपडेटच झालेला नाही, पण त्यात बदाम आणि हसरे चेहरे काळेपांढरे आधीपासून आहेत. रिक्षा नि साडी आल्या 2019 ला, त्या त्याच्याकडे नाहीतच म्हणून सिस्टिम पुढच्या फॉन्टकडे म्हणजे नोटोकडे जाते. बदाम त्याच्याकडे सापडला की पुढे कोण बघतंय. होममधे लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात फॉन्टकॉन्फिग नावाचं फोल्डर करून त्यात फॉन्ट्स डॉट कॉन्फ फाइल बनवा, सॅन्स-सेरिफसाठी (म्हणजे साध्या, बिनशेपटीच्या अक्षरांसाठी) आधी नोटो सॅन्स, मग नोटो सॅन्स देवनागरी, मग नोटो कलर इमोजी असा क्रम द्या. साध्या नोटो सॅन्समधे बदाम नाही, म्हणून तो आपोआप रंगीतमधून येतो. आणि डेस्कटॉपच्या सेटिंगमधे फॉन्ट डेजाव्हू निवडलेला असेल तर तोही बदला, नाहीतर ही फाइल कितीही लिहा, उपयोग नाही.

टर्मिनलबाबा: आणि घाईत इमोजी फॉन्ट सगळ्यात वर टाकू नका. त्यात 0 ते 9 अंकपण असतात, ते चौकटीतले आकडे बनवायला लागतात ना, मग घड्याळातली वेळ अशी फाकते की प्रत्येक आकड्यामधून बैलगाडी जाईल. मी केलंय हे. गंमत म्हणजे मराठी अंक जागेवर होते, फक्त इंग्रजी बिघडले.

जुनाबाजार: सेटिंगमधे डेजाव्हूच होता. तो काढला, फाइल लिहिली, एफसी-कॅश (फॉन्टची यादी ताजी करणारी कमांड) चालवलं, परत लॉगिन केलं. बदाम लाल! स्क्रीनशॉट घरी दाखवला तर उत्तर आलं, "आता फोटो तरी बघ."